‘व्यापारी बँका आहेत की’ म्हणणाऱ्यांसाठी

कुंडईकर

काल या मंचावर ‘पर्वरीचा सीए’ यांनी लिहिलं होतं: “विकास बँका म्हणजे करदात्याच्या पैशाची राख. आयडीबीआयचं काय झालं ते देशाने पाहिलं. आपलं गोवा राज्याचं वित्त महामंडळही गुंडाळा, कर्ज द्यायला व्यापारी बँका आहेत की.” खाली अंगठ्यांची रांग. दुपारी मी दोन ओळी लिहून पुसल्या. रात्री जेवायला बसलो तरी डोक्यात तेच, म्हणून आता सविस्तर लिहितो. विकास बँक म्हणजे उद्योगांना लांब मुदतीचं कर्ज द्यायला काढलेली संस्था; आयडीबीआय त्यांतलीच.

१९९६ साली मी वास्कोतली नोकरी सोडली. कुंडईला भूखंड मिळाला होता, पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूवर भुकटीचा रंग भाजून चढवण्याचं, काम सुरू करायचं होतं. ज्या बँकेत आमचं खातं वडिलांपासून, तिथल्या साहेबांनी सांगितलं, जेवढं कर्ज पाहिजे त्याच्या निम्मी ठेव आमच्याकडे ठेव, मग बघू. निम्मी ठेव असती तर त्यांच्या टेबलासमोर उभा कशाला राहिलो असतो? कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाची उचल, द्यायची त्यांची तयारी होती, पण ती मालावर आणि गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या पैशावर. माझ्याकडे ना माल, ना येणं. जागा होती आणि कोटेशनं होती.

मुदतकर्ज शेवटी विकास वित्तसंस्थेने दिलं. सात वर्षांची फेड, पहिलं वर्ष मुद्दल नाही. पण मला पैशापेक्षा आठवतो तो त्यांचा तांत्रिक अधिकारी. भर पावसात बसने आला, शेडमध्ये तास-दीड तास फिरला, कोटेशनं चाळली आणि म्हणाला, “हा कॉम्प्रेसर तुला कोणी सांगितला? तुझ्या कामाला याच्या निम्मा पुरे. उरलेले पैसे भट्टीच्या इन्सुलेशनला घाल, डिझेल वाचेल.” त्याने माझं कर्ज कमी करून मंजूर केलं. आज माझ्याकडे बावीस माणसं कामाला आहेत.

विकास बँकेचं खरं काम हे आहे. प्रकल्प समजणारा माणूस तिथे पगारावर असावा लागतो. ती माणसं गेली आणि विकास बँका बुडाल्या. म्हणून कल्पनाच चुकीची होती असं म्हणणं मला पटत नाही.

पर्वरीचा सीए

ती पोस्ट माझीच, आणि शब्द मागे घेत नाही.

कुंडईकर, तुमचा कॉम्प्रेसर मला आवडला, पण एका कॉम्प्रेसरवर धोरण ठरत नाही. आयडीबीआय २००४ मध्ये बँक झाली तेव्हा ९,००० कोटींची थकलेली कर्जं वेगळ्या निधीत उचलून ठेवावी लागली. त्यानंतर शहाणपण आलं का? मे २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. मार्च २०१८ मध्ये ढोबळ एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, २८ टक्क्यांच्या घरात होतं. शंभरातले अठ्ठावीस रुपये! जानेवारी २०१९ मध्ये एलआयसीने ५१ टक्के हिस्सा घेतला, म्हणजे विमेदारांचा पैसा तिथे गेला. माझी आई त्या विमेदारांतली एक.

आयएफसीआय तर १९४८ ची, देशातली पहिली विकास बँक. तिलाही सरकारला पुन्हा पुन्हा सावरावं लागलं. बाहेरही तेच. ब्राझीलची सरकारी विकास बँक बीएनडीईएस, तिने सरकारच्या मर्जीतल्या मोठ्या कंपन्यांना स्वस्त पैसा दिला, त्यावर तिथे किती वादळ उठलं. सरकारी मालक, स्वस्त पैसा आणि वरून येणारा फोन, हे तिन्ही एकत्र आले की तुमचा तो बसने येणारा अधिकारी काय करणार?

निवृत्त शाखाधिकारी, फोंडा

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यांतली नऊ कर्ज विभागात. दोघांचंही अर्धं-अर्धं खरं आहे, पण मधला भाग दोघांनी सोडलाय.

व्यापारी बँकेकडे ठेव येते ती एक वर्षाची, तीन वर्षांची. कारखान्याला पैसा लागतो दहा वर्षांसाठी, बंदराला-रस्त्याला वीस वर्षांसाठी. ठेवीदार उद्या दारात उभा राहिला तर कारखाना विकून पैसे देता येत नाहीत. म्हणून १९५५ मध्ये आयसीआयसीआय आली, १९६४ मध्ये आयडीबीआय. आयडीबीआय सुरुवातीला रिझर्व्ह बँकेच्याच मालकीची होती, १९७६ मध्ये केंद्र सरकारकडे गेली. तिला रिझर्व्ह बँकेच्या दीर्घ मुदतीच्या निधीतून कमी व्याजाचा पैसा मिळायचा. राज्यांसाठी १९५१ चा वित्त महामंडळांचा कायदा होता, त्यात महाराष्ट्राच्या महामंडळाची कक्षा गोव्यापर्यंत होती. आपलं राज्याचं महामंडळ, ईडीसी, १९७५ मध्ये आलं.

नव्वदीत हा स्वस्त निधी बंद झाला. आता बाजारातून पैसा उभारा म्हणून सांगितलं. बाजारातला महाग पैसा घेऊन दहा वर्षांचं कर्ज द्यायचं, समोर पोलाद आणि कापडाचे प्रकल्प. आयात शुल्क उतरलं, पोलादाचे भाव पडले, प्रकल्प अडकले. १९९८ मध्ये बँकिंग सुधारणांच्या नरसिंहम समितीने विकास बँकांना सांगितलं, बँक व्हा नाहीतर बिगरबँक वित्त कंपनी व्हा. आयसीआयसीआय २००२ मध्ये आपल्याच बँकेत विलीन झाली. मग पायाभूत प्रकल्पांची ती सगळी लांब मुदतीची कर्जं सरकारी व्यापारी बँकांच्या गळ्यात पडली आणि पुढच्या दशकात त्यांचंही एनपीए फुगलं. सीए साहेब, २०२१ मध्ये सरकारने कायदा करून २०,००० कोटींच्या भांडवलाची नॅबफिड ही पायाभूत प्रकल्पांसाठीची विकास बँक काढली. जी वस्तू नको म्हणून मोडली तीच वीस वर्षांनी परत बांधावी लागली.

फोन यायचे हे मात्र खरं. मी स्वतः घेतलेत.

आणि गोव्याचं वेगळंच दुखणं. इथला पत-ठेव दर, म्हणजे शंभर रुपये ठेवीमागे दिलेलं कर्ज, तीसच्या आसपास घुटमळतो. आखातातून, बोटीवरून, लंडनहून पैसा येतो, ठेवीत बसतो आणि इथून दुसऱ्या राज्यात कर्जाने जातो.

भाटकाराचा नातू

पत-ठेव दराचा विषय निघालाच आहे तर त्याचं मूळ सांगतो. पैसा द्यायला बँका तयार आहेत, तारण ठेवायला कागद नाहीत!

आमचं फोंडा महालात आजोबांचं घर आणि भाट (बागायती जमीन) आहे. घराची डागडुजी करून चार खोल्या पाहुण्यांना द्याव्यात म्हणून कर्जाला गेलो. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपला गोव्याचा सातबारा) अजून आजोबांचं नाव. त्यांची पाच मुलं, प्रत्येकाची बायको, कारण इथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, एकाच्या सहीने गहाण पडत नाही. एक काकी मुंबईत, एक चुलतभाऊ मस्कतला, एकाशी बोलणं नाही. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा दावा, घालून सहा वर्षं झाली. भाट तारण देतो म्हटलं तर बँक म्हणते शेतजमिनीला सरफेसी (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेने जप्त करून विकायचा कायदा) लागत नाही, नको. आणि त्या भाटात तीन मुंडकार घरं (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे), त्यामुळे टायटल स्वच्छ नाही म्हणून वकिलाचा अहवाल उलटा. दिल्लीहून उद्या शंभर विकास बँका आणा, या भिंतीवर सगळ्या आपटतील.

मुंडकाराची लेक

“तीन मुंडकार घरं, त्यामुळे टायटल स्वच्छ नाही.” वाचून हात थरथरले.

आमची चौथी पिढी त्या घरात राहते. १९७५ चा मुंडकार कायदा आहे, घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क आहे. बाबांनी अर्ज घातला तेव्हा मी सातवीत होते. आज माझी मुलगी सातवीत आहे. मामलेदारांच्या कचेरीत तारीख, मग भाटकाराचा वकील आजारी, मग मामलेदारांची बदली, मग पुन्हा पहिल्यापासून. बाबा गेले. भावाला काजूचं छोटं युनिट घालायचं आहे, सत्तरीच्या बिया इथून पोत्यांनी बाहेर जातात. बँक विचारते घर कोणाचं? घर आमचं, जागा तुमची. तुम्हाला सह्या मिळत नाहीत म्हणून कर्ज नाही, आम्हाला तर सही करायचा अधिकारच नाही.

भाटकाराचा नातू

बाय, तुमचा राग समजतो, पण प्रत्येक भाटकार राक्षस नव्हता. आजोबांनी माणुसकीने जागा दिली होती. आज त्याच माणुसकीचा दावा होऊन आमच्यावर उलटला.

मुंडकाराची लेक

माणुसकी? माझी आजी तुमच्यासारख्यांच्या भाटात नारळ राखायची, पावसाळ्यात बांध घालायची, घरात लग्न असलं की आठ दिवस भांडी घासायची. त्या कामाचा रोख पैसा कधी मिळाला नाही. राहायची जागा हीच मजुरी होती. ती दिलेली नव्हती, कमावलेली होती.

भाटकाराचा नातू

तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्या आजोबांना शिव्या देताय. मी बँकेच्या अडचणीबद्दल लिहिलं होतं. यापुढे तुम्हाला उत्तर देणार नाही.

कुंडईकर

दोघांनाही हात जोडून सांगतो, विषय विकास बँकांचा आहे. मुंडकाराचा वेगळा धागा काढा.

मुंडकाराची लेक

नाही काका, वेगळा धागा नको. तुम्हाला भूखंड औद्योगिक वसाहतीत मिळाला, भाडेपट्ट्याचा स्वच्छ कागद हातात होता. म्हणून तो अधिकारी तुमच्या कॉम्प्रेसरपर्यंत पोचला. माझ्या भावाच्या कोटेशनपर्यंत कोणी पोचतच नाही, पहिल्याच कागदावर फाईल परत येते. विकास बँकेने विकास कोणाचा करायचा, हाच तर विषय आहे.

सावर्ड्याचा टिप्परवाला

सगळे कर्ज मिळत नाही म्हणून रडताय. आम्हाला मिळालं, त्याचं सांगतो.

२०१० साली आमच्या खाणींच्या भागात बँकांची माणसं घरी यायची. चहा पिता पिता फॉर्म भरायचे. टिप्पर पाहिजे? घ्या. दुसरा? घ्या. एकानेही विचारलं नाही की खनिज किती वर्षं पुरेल, खाणीची लीज कधी संपते, चीन घेणं थांबला तर काय. माझे दोन टिप्पर होते, मेहुण्याने खनिज वाहणाऱ्या बार्जमध्ये भागी घेतली. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. पुन्हा सुरू होतायत म्हणेपर्यंत फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द. टिप्पर दारात सडले. हप्ता थांबला नाही. बायकोचं सोनं गेलं.

ही सगळी व्यापारी बँकांची कर्जं होती, सीए साहेब. ‘आहेत की’ म्हणता त्याच. त्यांनी टिप्परची किंमत बघितली, रस्ता कुठे जातो ते बघितलं नाही. आणि कुंडईकर बाब, तुम्हाला एक भला अधिकारी भेटला हे तुमचं नशीब. माझं नव्हतं. नशिबावर संस्था चालत नाही.

पर्वरीचा सीए

सावर्ड्याच्या पोस्टला माझ्याकडे उत्तर नाही. माझे दोन अशील त्याच काळात बुडाले, त्यांचे ताळेबंद मी सही केले होते. त्यांतलं येणं सगळं एकाच उद्योगातून आहे, हे मला दिसत होतं. मी बोललो नाही.

मुदतीचा मुद्दाही मान्य करतो, नाइलाजाने. वीस वर्षांचं कर्ज तीन वर्षांच्या ठेवीवर देऊ नये, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण माझी अट कायम आहे. राज्याच्या वित्तसंस्थांवर राजकीय नेमणुका होतात त्या बंद करा. ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याच्या हातात कर्जमंजुरी नको. वसुलीचे आकडे दर तिमाहीला लोकांसमोर ठेवा. आणि महामंडळाने कर्ज द्यावं. पणजीत पाटोवर भूखंड विकसित करणं हे वित्तसंस्थेचं मुख्य काम समजू नये.

निवृत्त शाखाधिकारी, फोंडा

नेमणुकांबद्दल सहमत, पण तेवढ्याने भागत नाही. जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू, तिच्या पर्यवेक्षक मंडळावर केंद्रीय मंत्रीच बसतात. १९४८ पासून ती उभी आहे, कारण लहान उद्योजकाची फाईल त्या मंडळाकडे जातच नाही. तो आपल्या नेहमीच्या बँकेत जातो, ती बँक प्रकल्प तपासते, बुडाल्याचा भार साधारणपणे तीही उचलते, आणि मागून केएफडब्ल्यू तिला लांब मुदतीचा पैसा देते. आपल्याकडे शेती-ग्रामीण भागासाठी नाबार्ड १९८२ पासून आणि लघुउद्योगांसाठी सिडबी १९९० पासून बँकांना असं पुनर्वित्त देतात ते याच वाटेने. मंत्र्याने फोन करायचा तर शंभर शाखांना करावा लागेल.

कुंडईकर

म्हणजे पुन्हा त्याच शाखेत, त्याच साहेबासमोर. मागून पैसा कोणाचा का असेना, निम्मी ठेव मागणारा तोच. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाला काजू, कोटिंग, बोटीचं इंजिन कसं कळणार? पुनर्वित्त घ्या, पण तपासणारी माणसं विकास संस्थेचीच असू द्या. यावर मी हटणार नाही.

मात्र ‘वेगळा धागा काढा’ म्हणालो ते चुकलं. माझा भाडेपट्ट्याचा कागद मी विसरलोच होतो.

निवृत्त शाखाधिकारी, फोंडा

मुंडकाराच्या लेकीला: बाय, १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म-लघु उद्योग कर्जाला तारण मागू नये, हे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना बंधनकारक केलं. त्यावर २००० साली सरकार आणि सिडबीने काढलेल्या पतहमी निधीचं छत्र (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी) घेता येतं. घराचा कागद विचारला तर हे दाखवा आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बरेच साहेब फाईल पुन्हा उघडतात, मी त्या खुर्चीत बसलेलो आहे. भावाला कोटेशनं घेऊन माझ्याकडे पाठवा.

मुंडकाराची लेक

हे आम्हाला चार वर्षांत एकाही शाखेत कोणी सांगितलं नाही. पाठवते. कोटेशन दिवसाला दोनशे किलोच्या युनिटचं आहे. बॉयलर, कटिंगची यंत्रं, बोर्मा (काजूगर वाळवायची भट्टी), सगळं धरून साडेआठ लाख.

कुंडईकर

आणि बिया किती भरणार?

मुंडकाराची लेक

सीझनला चाळीस पोती म्हणतो. ऐंशी किलोचं पोतं.

कुंडईकर

म्हणजे बत्तीसशे किलो. सोळा दिवसांत माल संपला, उरलेलं वर्ष बॉयलर थंड आणि हप्ता चालू. बिया मार्च ते मे एवढ्यातच भरून ठेवाव्या लागतात, पैसा तिथे अडकतो. त्याला सांगा यंत्र निम्म्या ताकदीचं बघ आणि उरलेली रक्कम बियांसाठी खेळतं भांडवल म्हणून माग. रविवारी मी सत्तरीत येतो, जागा बघितल्याशिवाय बोर्म्याचं सांगता येणार नाही.

सावर्ड्याचा टिप्परवाला

बियांचा भाव पडला तर काय करणार, तेही त्याला विचारा. मला कोणी विचारलं नव्हतं.