मदत हवी आहे: स्वतःबद्दल किती सांगायचं?

मंडळी, जरा सल्ला द्या. आमच्या ऑनलाइन मैत्रिणींच्या ग्रुपवर 'स्वतःबद्दल सांगा'चा खेळ चालूये आणि उद्या माझा नंबर आहे. आवडीनिवडींचं टेन्शन नाही, मिसळीबरोबर मला पाव नाही स्लाइस ब्रेडच लागतो, पर्वती चढायला आवडते पण पहाटे उठवत नाही, दुपारी एक ते चार फोन उचलत नाही (हो, मीपण त्यातलीच), हे सगळं बिनधास्त लिहीन. पण बाकीचे प्रश्न बघा, पहिली शाळा कुठली, कुत्र्याचं नाव काय, आईचं माहेरचं आडनाव काय, अहो पासवर्ड विसरला की हेच तर विचारतात ना! जन्मसालही नको वाटतं, कारण ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, मग फाइल कुणाच्या हाती लागली की झालंच. मैत्रिणींवर संशय नाही हो, पण ग्रुपमधल्या अर्ध्या जणींना मी कधी बघितलेलंही नाहीये. नाही म्हटलं तर शिष्ट म्हणतील, पुणेकर म्हणून आधीच नाव आहे. तर खोटं न बोलता, कुणाला न दुखावता हे प्रश्न टाळायचे कसे? आणि रोज फिरायला कुठे, किती वाजता जाते ते लिहावं का? तुम्ही काय करता?