पुण्यामुंबईला राहणाऱ्यांनी गावच्या नगरपरिषदेला मत द्यावं का?

खालची आळी

२ डिसेंबर २०२५ ला आमच्याकडे नगरपरिषदेचं मतदान झालं. मी शाळेतल्या केंद्रापासून जरा लांब, पिंपळाच्या पारावर बसलो होतो. नऊच्या सुमाराला पुण्याहून एक लक्झरी आली. चाळीसेक माणसं उतरली, उमेदवाराच्या टेबलावरून चिठ्ठ्या घेतल्या आणि रांगेत लागली. रांगेत पुढचा मागच्याला विचारतोय, "अ ला कोण आणि ब ला कोण रे आपलं?" प्रत्येकाला तीन मतं होती, एक नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या दोन जागांना. यांना तिन्ही नावं पाठ करून घ्यावी लागत होती. जेवणं झाली, तीन वाजता गाडी परत.

आमच्या प्रभागाचा निकाल १८ मतांनी लागला.

आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही पाऊण तास. घंटागाडी आली नाही तर कचरा आमच्या दारात कुजतो. पुढची पाच वर्षं हे कोण बघणार, ते ठरवलं पुण्यात चोवीस तास नळ असलेल्यांनी. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याला मतदार त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी लागतो. कलम २० तर स्पष्ट सांगतं, केवळ घर मालकीचं आहे एवढ्यावर कोणी रहिवासी ठरत नाही. तरी ही नावं यादीत का? माझं म्हणणं सरळ आहे: जिथे राहता तिथे नाव न्या.

चाकरमानी

दादा, मी त्या लक्झरीत नव्हतो. एसटीने स्वतःच्या पैशाने आलो, एक दिवसाची रजा टाकून.

माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, आई ६८. घरासमोरचं गटार तुंबलं की मीच पुण्याहून फोन करतो, कारण बाबांचं कोणी ऐकून घेत नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टी मी भरतो. पुण्यात पाच वर्षांत तीन खोल्या बदलल्या, अकरा महिन्यांचा करार संपला की सामान बांधायचं. आधी वडगाव, मग धनकवडी, आता वाघोली. प्रत्येक वेळी पत्ता वेगळा. कुठल्या वाघोलीचा रहिवासी म्हणवून घेऊ मी? आणि तुम्ही दाखवलेलं तेच कलम २० पुढे असंही सांगतं की तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणसाचं रहिवासीपण जात नाही.

खालची आळी

तुमच्यासारख्यांबद्दल माझा राग नाही. पण पाच-पाच वर्षं झाली की तात्पुरतं कसलं? तुमच्या वाघोलीतही खड्डे आहेत, टँकर आहेत. तिथे तुम्ही मतच देत नसाल तर तिथल्या नगरसेवकाने तुमचं का ऐकावं?

शिसपेन

मी तीन निवडणुका प्रभागयाद्या तपासायचं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे राज्य निवडणूक आयोग स्वतः एकही मतदार नोंदवत नाही. या वेळी १ जुलै २०२५ ला विधानसभेची जी यादी होती तीच घेतली आणि प्रभागांच्या हद्दीप्रमाणे फोडली. प्रारूप यादी ८ ऑक्टोबरला लागली. हरकती कशावर? नाव चुकीच्या प्रभागात गेलंय, विधानसभेच्या यादीत असून प्रभागात आलं नाही, किंवा लिहिताना चूक झाली, एवढ्यावरच. नवं नाव घालता येत नाही, वारलेल्याचंही काढता येत नाही. लोक मात्र त्याच आठवड्यात जागे होतात आणि मग भांडतात.

आमच्याकडे एका बोळाच्या डाव्या बाजूची ३७ नावं शेजारच्या प्रभागात गेली होती. कारण यादीत घर क्रमांकाच्या जागी नुसती रेघ. पट्टी लावून एकेक नाव नकाशाशी जुळवलं, तेव्हा सापडली. खालची आळीकर, तुमच्या १८ मतांच्या निकालात पुण्याची लक्झरी किती आणि असा बोळ किती, हे आधी तपासा. पुण्याची माणसं डोळ्यांना दिसतात. बोळ दिसत नाही.

खरोखर गाव सोडून गेलेल्यांचं नाव यादीतून काढायला फॉर्म ७ आहे. त्याच मतदारसंघातला कोणीही मतदार हरकत घेऊ शकतो, पण ती वर्षभरात कधीही घ्यायची, निवडणूक लागल्यावर नाही. आमच्या गावात कोणी भरत नाही, कारण शेजाऱ्याशी वैर कोण घेणार?

सायलीची आई

माझी मुलगी १९ ऑगस्टला १८ वर्षांची झाली. नोंदणीसाठी ज्या तारखांना १८ पूर्ण लागतात त्यांत १ ऑक्टोबरही आहे, म्हणून नव्या नावाचा फॉर्म ६ भरला. तरी २ डिसेंबरला तिला मत नाही, कारण यादी १ जुलैची. ती रोज याच गावातून कॉलेजला जाते, याच नळाचं पाणी पिते. आणि बाहेरचे मत देऊन जातात. तिला काय समजावू, सांगा.

शिसपेन

ताई, तुमचं अगदी बरोबर आहे. केरळात स्थानिक निवडणुकांची यादी तिथला राज्य आयोग स्वतः करतो. आपल्याकडेही तसं झालं तर तारीख निवडणुकीच्या जवळ आणता येईल.

माहेरवाशीण

लग्नानंतर नऊ वर्षं माझं नाव माहेरी होतं. दर निवडणुकीला वडील म्हणायचे, ये. मी जायचे, मत द्यायचे, आईच्या हातचं जेवून परत यायचे. छान वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग इथे सासरी आमच्या गल्लीत रस्ता खणून चार महिने तसाच ठेवला. मी अर्ज घेऊन गेले तर नगरसेवक म्हणाले, "वहिनी, तुमचं तर आमच्या यादीत नावच नाही." त्याच रात्री नाव इकडे आणायचा फॉर्म ८ भरला. चाकरमानी दादा, मला तुमचं दुःख कळतं, पण मी खालची आळीच्या बाजूची आहे.

दोन तारे

भाडेकरू आणि लेकी-सुना राहू द्या, दोन्हीकडे नावं ठेवणाऱ्यांचं काय? २ डिसेंबरला गावी मत, १५ जानेवारीला पुणे महापालिकेला मत. मध्ये सहा आठवडे, बोटावरची शाई कुठे उरते? त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचं नाव एकदाच असायला हवं, आणि नोंदणीत खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद आहे. या वेळी संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापून कुठे मत देणार ते लिहून घ्यायची सोय केली होती. पण ते तारे एकाच शहराच्या यादीत उपयोगी. गाव आणि पुणे समोरासमोर ठेवून कोण बघतो?

चाकरमानी

माझं नाव एकाच ठिकाणी आहे, कोणीही तपासावं. माहेरवाशीण ताई, तुमचं बोलणं दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. वाघोलीत मला कोणी विचारत नाही हे खरं आहे, आणि त्याचं कारण मीच आहे.

पण फॉर्म ८ भरला की लोकसभा, विधानसभा, नगरपरिषद सगळंच एकदम उचललं जातं, कारण यादी एकच. मग गावच्या घरात मत उरतं दोघा म्हाताऱ्यांचं. परवा बाबांना विचारलं, नाव पुण्याला नेऊ का? ते काही बोलले नाहीत. घरपट्टीची पावती घेतली, घडी घालून डब्यात ठेवली. सध्या तरी मी नाव हलवणार नाही.

खालची आळी

बाबांना नमस्कार सांगा. गटाराचं माझ्याकडे कळवत जा, मी इथे आहे. मत बदललेलं नाही.