ग्रंथ नाही, रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाही, तरी बेने इस्रायली टिकले कसे?

अष्टागर:
कोकणातल्या बेने इस्रायलींची, म्हणजे इथल्या ज्यूंची, भाषा मराठी, आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी गावावरून पडलेली, धंदा तेलाच्या घाण्याचा. हिब्रू विसरलेली, तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) जवळ नाही, बाहेरच्या ज्यूंशी कित्येक पिढ्या संबंध नाही. इतकं सगळं आसपासचं घेऊनही ते वेगळे राहिले. कोणत्या रूढींनी हे काम केलं? आणि त्याच रूढींनी धर्म पसरला नाही, तो का?

खाडीकाठ:
शब्बाथ (शनिवारची सुट्टी), आठव्या दिवशीची सुंता, 'शेमा' ही प्रार्थना आणि खाण्याचे निर्बंध. यांतल्या कशालाच पुस्तक लागत नाही. शेमा तोंडपाठ असायची आणि प्रत्येक विधीला तीच म्हणायची, त्यामुळे बाकी प्रार्थना गेल्या तरी ती राहिली.

सगळ्यांत जोर शब्बाथचा. वर्षाला ५२ वेळा घाणा बंद. गावानं नावच ठेवलं 'शनिवार तेली'. सोमवारी घाणा न चालवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. म्हणजे वेगळेपणाची आठवण शेजारीही करून देत होते. घरातल्या घरात पाळायच्या व्रताला हा आधार मिळत नाही.

वालाचं बिरडं:
स्वयंपाकघर विसरू नका. परंपरा सांगते की डेव्हिड राहबी या बाहेरून आलेल्या ज्यूनं बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली आणि त्यांनी खवले आणि पर नसलेली बाजूला काढली. मटणाच्या कालवणात नारळाचं दूध येतं तेही मांस आणि दूध एकत्र करायचं नाही म्हणून.

सणांची नावं बघा: खिरीचा सण, दारफाळणीचा सण (योम किप्पूर, दारं लावून उपास), बिरड्याचा सण (जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन). कारण विसरलं, कृती राहिली. बिरड्याला वाल रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, मग एकेक सोला. दोन दिवस आधी तयारी लागते. असा सण घरातून सहज निसटत नाही.

हनुक्का (इ.स.पू. दुसऱ्या शतकात सुरू झालेला ज्यूंचा दिव्यांचा सण) मात्र नव्हता. त्यावरून 'हे लोक इ.स.पू. दुसऱ्या शतकाआधी आले' असं ठोकून दिलं जातं, ते मला पटत नाही. सण पुढे विसरलाही गेला असेल.

पोहेवाली:
मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, राहिलाच! एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावानं, लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना. साधारण अर्धा किलो पोह्यांना एक मोठा नारळ, पाव किलो गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं झाकून ठेवायचे. पाण्यात भिजत टाकले तर लगदा होतो. गूळ अगदी शेवटी, कारण त्याला पाणी सुटतं. ताटात भोवती फळं. आशीर्वाद म्हटल्याशिवाय कुणी खात नाही, आणि झाडाच्या फळाचा वेगळा, केळ्याचा वेगळा. पोरं ते ऐकूनच शिकतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूचा टापा (त्याच्या येण्याची खूण) मानतात, तिथेही मलिदा होतो.

खाडीकाठ:
पसरण्याबद्दल: टिकणं आणि पसरणं याला वेगवेगळ्या रूढी लागतात. वारकऱ्यांत तुळशीची माळ घातली, एकादशी आणि वारी धरली की माणूस आत आला. जात, जन्म आड येत नाही. इथे प्रवेश जन्मानं. सुंता आणि आपसातली लग्नं कुंपण घालतात, त्यात दार नसतं. त्यामुळे समाज टिकला आणि लहानच राहिला.

ग्रंथ नंतर आले. मुंबईचं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६चं, मराठीतून हिब्रू व्याकरण १८३२चं, मराठी हागादा (वल्हांडण सणाचं पुस्तक) १८४६चा. त्यांना रुजायला जागा मिळाली ती आधीच पाळल्या जाणाऱ्या रूढींमुळे. पुढे इस्रायलमध्ये त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली आणि १९६४ साली पूर्ण मान्यता मिळाली, पण या वादात मलिदा सुटला नाही. तिथल्या घरांत तो आजही होतो.