आंतरतालुका बेसबॉल लीग: मोठ्या गावांचेच संघ कायम वरचढ, उपाय काय?

अमळनेर_शॉर्टस्टॉप
राम राम मंडळी. डिसेंबरात १७ वर्षांखालील मुलांची सहा संघांची लीग घ्यायची आहे: जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, पारोळा, एरंडोल. जळगाव-भुसावळकडे मैदान, प्रशिक्षक, प्रायोजक सगळं आहे. पारोळा-एरंडोलकडे धड एकच पिचर (चेंडू टाकणारा), आणि कॅचरचं (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याचं) कीटही उसनं. अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, लहान शहरांच्या संघांसाठी लक्झरी टॅक्स वगैरे नियम आहेत. त्यातलं आपल्याला काय उचलता येईल?

तापीकाठचा_पंच
भाऊ, लक्झरी टॅक्स सोडून द्या, त्याने तिथलंच दुखणं बरं झालेलं नाही. आयपीएलमध्ये २०२५ साठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर १२० कोटीच खर्चता येत होते, मुंबई असो की जयपूर. मेजर लीगमध्ये अशी सक्तीची मर्यादाच नाही. नुसती पगारखर्चाची रेघ आहे, २०२५ ला २४ कोटी १० लाख डॉलरची. ती ओलांडली की वरच्या रकमेवर दंड: पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. रेघेच्या ६ कोटी डॉलर पलीकडे गेलं की त्या पुढच्या रकमेवर आणखी ६०. म्हणजे सतत ओलांडणाऱ्याला शेवटी एका डॉलरमागे १ डॉलर १० सेंट दंड.

तरी लॉस एंजेलिसचे डॉजर्स तो दंड भरतात. त्यांचा स्थानिक टीव्ही करार २५ वर्षांचा आणि सुमारे ८३५ कोटी डॉलरचा आहे. खरी दरी या उत्पन्नात आहे, पगार हा नंतरचा भाग. एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) टीव्हीचा पैसा एकत्र गोळा होऊन सारखा वाटला जातो. बेसबॉलमध्ये हंगामातल्या १६२ पैकी बहुतेक सामन्यांचे हक्क ज्याचे त्याने आपल्या भागात विकायचे.

म्हणून महसूल-वाटणी बघा. प्रत्येक संघ निव्वळ स्थानिक उत्पन्नाचे ४८ टक्के सामाईक खात्यात टाकतो आणि ते तीसही संघांत समान वाटले जातात. भोक पुढे आहे: घेणाऱ्याने ते खेळाडूंवर खर्च करावेत अशी पक्की सक्ती नाही. पगाराचा आकडा मिळालेल्या वाट्याच्या दीडपट नसेल तर खेळाडूंची संघटना तक्रार करू शकते, इतकंच. छताआधी जोतं हवं, म्हणजे कमाल खर्चाच्या मर्यादेआधी किमान खर्चाची सक्ती हवी, असं माझं ठाम मत आहे.

चाळीसगाव_बुलपेन
पैसा म्हणजेच विजय, असंही नाही. मिलवॉकी शहराच्या संघाची बाजारपेठ लीगमधल्या सर्वांत लहानांपैकी, तरी २०२५ ला ९७ सामने जिंकून साखळीत पहिले तेच. खेळाडू सहा वर्षं संघाच्या ताब्यात असतो, त्यातली पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगारावर. तो काळ नीट वापरला की जमतं.

तापीकाठचा_पंच
जमतं, पण टिकवणं अवघड. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, म्हणून लहान संघ त्याला आधीच दुसऱ्याला देऊन टाकतो आणि पुन्हा नवी पोरं घडवायला बसतो. त्याच मिलवॉकीला पुढे डॉजर्सने ४-० असं घरी पाठवलं.

अमळनेर_शॉर्टस्टॉप
मग ड्राफ्ट केला तर, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडले तर? पण गावाचा संघ गावाचा राहायला हवा, नाहीतर बघायला कोणी येणार नाही.

धुळे_डगआउट
दोन्ही जमेल. प्रत्येक संघाचे दहा खेळाडू गावचेच ठेवा, त्यात पिचर जास्तीत जास्त दोन. उरलेले सगळे पिचर एका यादीत घ्या आणि आधी फक्त त्यांचाच ड्राफ्ट करा. पहिली फेरी १ ते ६, दुसरी उलटी ६ ते १. दुबळा संघ आधी निवडणार हे खरं, पण क्रम सरळ गुणतक्त्यावरून लावलात तर पुढच्या वर्षी शेवटचे सामने मुद्दाम हरणारे निघतील. मेजर लीगने याच कारणासाठी २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा निवडींची सोडत सुरू केली. तुम्ही तळाच्या तिघांत चिठ्ठ्या टाका.

एका पिचरने टाकायच्या पिचची (चेंडूंची) मर्यादा तर हवीच. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या मार्गदर्शक तक्त्यात १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच आणि ७६ किंवा जास्त झाले की चार दिवस विश्रांती आहे. मात्र दोन दिवसांत स्पर्धा उरकलीत तर हाच नियम लहान गावाच्या मुळावर येईल. जळगाव चार पिचर फिरवेल, एरंडोलचा एकुलता एक पहिल्याच सामन्यात संपेल. सामने रविवारी-रविवारी ठेवा. सहा संघांची एकेरी साखळी पाच रविवारांत होते, दर रविवारी तीन सामने, सात-सात इनिंगचे. डिसेंबर धरलात ते बरं केलं, एप्रिल-मेच्या भुसावळच्या उन्हात पोरं उभी राहणार नाहीत.

प्रायोजकांच्या पैशाचा अर्धा भाग सामाईक ठेवा, पण रोख वाटू नका, वस्तू द्या. सर्वांत आधी कॅचरचा मास्क, छातीचं आणि पायांचं संरक्षक, मग चेंडू, मग बाहेरगावच्या संघांचा गाडीखर्च. रोख दिलेले पैसे जेवणावळीत जातात आणि कीट उसनंच राहतं.

चाळीसगाव_बुलपेन
पिच मोजायला दोन्ही संघांचा एकेक माणूस बसवा. दर इनिंगनंतर आकडे जुळवून वहीत दोघांच्या सह्या घ्या. सामना संपल्यावर जुळवायला गेलात तर हमखास पाच-सात पिचचा फरक निघतो आणि पुढच्या रविवारी तो पिचर चालेल की नाही यावर वाद पेटतो.