पँटचा नंबर म्हणजे कंबर नाही

वजन ६८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) नॉर्मल, मग पोटाचं कशाला टेन्शन, असं वाटत असेल तर प्लीज एकदा कमरेला टेप लावून बघा. माझे बाबा रोज सकाळी गोल्फ क्लब ग्राउंडवर राउंड मारतात, हातपाय काडीसारखे, पँट ३४ची, पण ती बेंबीच्या चार बोटं खाली आणि पोट त्याच्यावर. आईच्या शिवणकामाच्या टेपने मोजलं तर ९८ सेंमी! आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८०च्या वर गेलं की धोका धरतात, कारण ही चरबी आत लिव्हर-आतड्यांभोवती साचते आणि त्यानेच शुगर, बीपी वाढतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं, पोट आत ओढायचं नाही हं. बाबांची शुगर बॉर्डरवर निघाली, आता मिसळीबरोबर एकच पाव.