मदत हवी आहे : एव्हरनोटच्या नोट्स थंडरबर्डमध्ये कशा आणायच्या?

मंडळी, जरा डोकं चालवा की. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, ऑर्डरी मी सुरुवातीपासून एव्हरनोट या नोट्सच्या ॲपमध्येच लिहितोय, पार्टी, साइज, जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम कापड), रंगाच्या सॅम्पलचा फोटो, सगळं एका नोटमध्ये. आता भाऊ म्हणतो हे थंडरबर्डमध्ये, म्हणजे आमच्या मेलच्या प्रोग्राममध्ये आण, म्हणजे पार्टीच्या मेलशेजारीच तिची नोट दिसेल. त्याचं काय जातंय म्हणायला, करायचं मलाच!

आधी कॉपी-पेस्ट करून बघितलं तर "३० × ६० इंच, ५०० जीएसएम, मोरपंखी" असा जो टेबल होता त्याची पार भेळ झाली. नंतर कळलं की चूक माझीच, थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंगमध्ये एचटीएमएलची (टेबल, रंग अशी मांडणी टिकवणारी) टिक मीच काढून ठेवली होती. पण ६०० नोट्स अशा एकेक करून कोण चिकटवणार?

एव्हरनोटमधून एक्सपोर्ट केलं की ईएनईएक्स नावाची त्याची स्वतःची फाइल मिळते, आत सगळं एक्सएमएल (खुणांमध्ये बांधलेला मजकूर) आणि फोटोसुद्धा त्यातच अक्षरांच्या रांगा होऊन बसलेले. थंडरबर्डला ही फाइल थेट चालत नाही, पण ईएमएल फाइल (एका मेलची एक फाइल) फोल्डरवर ओढून टाकली की घेतो. मग ईएनईएक्सचं ईएमएल करणारी एखादी पायथन स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) कुणी वापरलीय का? नोटची मूळ तारीख मेलची तारीख म्हणून यायला हवी, स्वतःलाच मेल केले तर सगळ्यांवर आजचीच तारीख पडते ओ, आणि जुनी ऑर्डर आम्ही तारखेवरूनच शोधतो.

लॅपटॉप विंडोज ११ आहे. पायथन टाकता येतं, लिहिता येत नाही.