एप्रिलमध्ये न्यूझीलंड: गाडी भाड्याने घ्यावी की टूरने जावं? (सोसायटी ग्रुप)

ए-३०४: नमस्कार मंडळी. मुलीच्या शाळेला एप्रिलमध्ये सुट्टी लागली की न्यूझीलंडला जायचं ठरतंय. फक्त दक्षिण बेट. आम्ही दोघं, आई-बाबा आणि मुलगी. क्राइस्टचर्चला उतरायचं, टेकापो, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, मग पश्चिम किनाऱ्याने वर येऊन परत क्राइस्टचर्च. गाडी भाड्याने घ्यावी की टूर कंपनीबरोबर जावं? ग्रुपवर कोणी तिकडे स्वतः चालवली आहे का?

डी-१०१: टूरच बरी. परक्या देशात गाडी घेतली की पोलीस, विमा, अपघात सगळं आपल्या डोक्यावर. तुझ्या बाबांना खिडकीशी बसून निवांत डोंगर बघू दे.

बी-५०२: काका, इटलीला किंवा पॅरिसला जात असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण न्यूझीलंडचं वेगळं आहे. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, पाट्या इंग्रजीत असतात आणि क्राइस्टचर्च मागे पडलं की रस्ता मोकळा. आई-बाबा बरोबर आहेत म्हणूनच मी गाडी घ्या म्हणेन. बस ठरलेल्या वेळी सुटते. गाडी असली की पुकाकी तलावाच्या काठी माउंट कुक ढगातून बाहेर येईपर्यंत थांबता येतं, आईंना चहा हवा असेल तर पुढच्या गावात वळता येतं.

ए-३०४: काकू, तुम्ही चालवली आहे का तिथे?

बी-५०२: हो, मी आणि हे, आलटून पालटून. विचार काय विचारायचं ते.

ए-३०४: एका साइटवर भाडं फार कमी दिसतंय, दुसरीकडे जवळजवळ दुप्पट. गाडी तीच. फरक कशाचा?

बी-५०२: भाडं शेवटी बघ. आधी ‘एक्सेस’ किती आहे ते बघ. गाडीला काही झालं तर पहिले अमुक इतके डॉलर तुझ्याकडून घेतात, विमा त्याच्या वरच्या रकमेसाठी असतो. स्वस्त दिसणाऱ्या भाड्यात हा एक्सेस काही हजार न्यूझीलंड डॉलर असतो. तिकडचा एक डॉलर ५० रुपयांच्या आसपास धर, म्हणजे अंदाज येईल. समोरच्याची चूक असली तरी आधी तुझ्याच कार्डावरून कापतात, नंतर वसूल झाले तर परत देतात. रोज थोडे जास्त पैसे भरले की एक्सेस कमी किंवा शून्य होतो. त्या दोन साइटवर हाच फरक असणार.

बी-५०२: आणि ‘शून्य’ लिहिलंय म्हणून तिथे थांबू नकोस. खाली बारीक अक्षरात काय वगळलंय ते वाच. बऱ्याच करारांत काच, टायर, गाडीचा तळ, छत आणि चुकीचं इंधन भरल्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. त्यातली काच तर तिथे हमखास लागते. तिकडचे बरेच रस्ते डांबरावर खडी पसरून, दाबून केलेले असतात. नवीन थर टाकला की बरेच दिवस सुटी खडी वर असते, समोरून ट्रक आला की दगड उडतो. अशा ठिकाणी वेग ३० वर आणायची पाटी लावतात. ती पाटी दिसली की खरंच ३० वर या, मागचा कितीही चिकटला तरी.

ए-६०२: यावर माझा अनुभव लिहितो. काचेवर वाटाण्याएवढा टवका गेला होता. आमच्या पॅकेजमध्ये काच नव्हती. कंपनीने अख्ख्या काचेचे पैसे लावले, वर ‘प्रशासकीय शुल्क’ वेगळं. कितीही मेल केले तरी काही परत मिळालं नाही. काचेचं आणि टायरचं कव्हर नक्की घ्या.

ए-६०२: पण एक्सेसचा विमा कंपनीच्या काउंटरवरून घेऊ नका. बाहेरच्या विमा कंपन्या तेच कव्हर पुष्कळ कमी पैशांत देतात.

बी-५०२: तेही चालतं. पण त्यात काही झालं की आधी तुम्ही भरायचं, कागद जमवायचे आणि घरी येऊन क्लेम करायचा. शिवाय गाडी देताना कंपनी तुमच्या कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवते. दोघंच जात असतील तर पैसे वाचवा. म्हातारी माणसं आणि सहा-सात वर्षांचं मूल बरोबर असताना मी कंपनीचंच पूर्ण कव्हर घेईन, तेही इथूनच बुकिंग करताना. विमानातून उतरल्यावर डोळ्यांवर झोप असते, मूल कंटाळलेलं असतं. तेव्हा काउंटरवरचा माणूस जे पुढे करेल त्यावर सही होते.

ए-६०२: हे मान्य. आम्ही दोघंच होतो.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई आहे, पाणी भरून ठेवा. चर्चा चालू राहू द्या, उपयोगी आहे.

ए-३०४: कार्ड क्रेडिटच लागतं का? माझ्याकडे डेबिट आहे आणि बायकोकडे क्रेडिट.

बी-५०२: क्रेडिट कार्डच धर, आणि मुख्य ड्रायव्हर म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्याच नावाचं. डेबिट चालेल की नाही हे कंपनीवर असतं, आणि चाललं तरी अडकलेले पैसे सुटायला वेळ लागतो. तेव्हा बुकिंग बायकोच्या नावाने कर आणि तू दुसरा ड्रायव्हर. आणखी एक, आपल्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. अॅपमधून ते सुरू कर, मर्यादाही वाढवून ठेव.

डी-१०१: लायसन्सचं काय? आपलं भारतीय चालतं?

बी-५०२: न्यूझीलंडला इंग्रजीत असलेलं, मुदतीतलं, पक्कं लायसन्स चालतं. मूळ कार्ड जवळ हवं, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो नाही. तरी मी आंतरराष्ट्रीय परवाना काढायला सांगेन. आरटीओतून मिळतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पोलिसांपेक्षा काउंटरवरच्या माणसासाठी जास्त उपयोगी पडतो. काही कंपन्यांच्या अटींतच तो लिहिलेला असतो. मुख्य म्हणजे तो इथूनच निघतो, तिथे उभं राहून निघत नाही.

सी-७०१: माझा मुलगा क्राइस्टचर्चला असतो. त्याला आत्ताच फोन केला होता. तो म्हणाला सगळ्यात आधी त्यांना एकपदरी पुलांबद्दल सांग.

बी-५०२: अगदी बरोबर. हे नीट वाच. हायवे असला तरी मध्येच पूल एकाच गाडीच्या रुंदीचा येतो. पश्चिम किनाऱ्यावर असे बरेच आहेत. लाल कडेची गोल पाटी असेल, त्यात तुझ्या दिशेचा बाण छोटा लाल आणि समोरचा मोठा काळा, तर तू थांबायचं. निळ्या चौकोनात तुझा बाण मोठा पांढरा असेल तर तुझा हक्क आहे, तरी समोर बघूनच जायचं. पुलावर आधीच कोणी असेल तर हक्काचा प्रश्नच येत नाही, त्याला येऊ द्यायचं. पहिल्या दिवशी बाजूला बसलेल्याने पाटी मोठ्याने वाचून सांगावी.

सी-७०१: आणि तो म्हणतो, मधली रेघ आपल्या बाजूने सलग पिवळी असेल तर ओव्हरटेक अजिबात नाही. मागे गाड्या साठल्या की डावीकडे जागा बघून थांबायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. तिथले लोक याच गोष्टीवरून पर्यटकांवर चिडतात.

ए-३०४: वेग किती?

बी-५०२: गावाबाहेर साधारण १००, गावात ५०. पण १०० ही मर्यादा आहे, तेवढ्याने जायलाच हवं असं नाही. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ४५, ६५ असा आकडा असतो, तो मनापासून पाळा. मॅपवर दाखवलेल्या वेळात तुम्ही पोहोचणार नाही. क्राइस्टचर्च ते टेकापो २२५ किलोमीटरच्या आसपास, मॅप तीन तास म्हणेल. लहान मूल आणि आजी-आजोबा असताना तो अर्धा-पाऊण दिवस धर.

ए-३०४: मिलफर्ड साउंड क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन यावं असं लिहिलंय सगळीकडे.

बी-५०२: तू चालवणार असशील तर नको. मनापासून सांगते. नकाशावर ही दोन ठिकाणं शेजारी दिसतात, पण मध्ये डोंगर आहेत आणि रस्ता टे आनाऊ गावावरून वळसा घालून जातो. एका बाजूचे जवळजवळ २९० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन आठ तास स्टिअरिंगवर, मध्ये मिलफर्डची बोटफेरी, आणि परतताना अंधार. एप्रिलमध्ये तिथे शरद ऋतू असतो, दिवस लवकर मावळतो. टे आनाऊला मुक्काम कर. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटरच्या आत आहे. निघण्याआधी टाकी टे आनाऊलाच भर, मध्ये पंप नाही. फोनला रेंजही नसते, मॅप आधीच उतरवून ठेव.

बी-५०२: त्या रस्त्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेवटी होमर बोगदा आहे, १.२ किलोमीटरचा, ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकातून काढलेला आणि उतरता. काम १९३५ मध्ये कुदळ-फावड्यांनी सुरू झालं आणि वाहतूक १९५४ मध्ये. पलीकडे बाहेर पडलात की समोर सरळ उभे कडे, पाऊस असेल तर एकेका कड्यावरून किती धबधबे सुटलेत ते मोजता येत नाहीत. पाऊस आहे म्हणून बेत रद्द करू नका. बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबाल तेव्हा केआ नावाचे हिरवे पोपट गाडीवर येऊन बसतील. मुलीला फार आवडतील. पण त्यांना खायला घालायचं नाही, आणि वायपरचं, दाराचं रबर ते चोचीने सोलून काढतात, म्हणून गाडी सोडून लांब जायचं नाही.

सी-७०१: मुलगा म्हणतो मे ते नोव्हेंबर त्या रस्त्यावर बर्फासाठी चाकांना लावायच्या साखळ्या बरोबर ठेवाव्या लागू शकतात. एप्रिलअखेर जाणार असाल तर रस्त्याची स्थिती सकाळी बघूनच निघा. आणि ज्यांना चालवायची धास्ती वाटते त्यांनी टे आनाऊला गाडी लावून तिथून बसने जावं, तशा बस आहेत.

डी-१०१: हे पटलं. पूर्ण टूरही नको, पूर्ण गाडीही नको, अवघड तुकड्यापुरती बस.

बी-५०२: काका, हा खरंच चांगला मार्ग आहे.

ए-३०४: मुलगी सहा वर्षांची आहे. सीट लागेल?

बी-५०२: सात पूर्ण होईपर्यंत मंजूर चाइल्ड सीट कायद्यानेच बंधनकारक आहे. बुकिंगमध्येच तिचं वय लिहून मागा. आणि गाडी पाच सीटची घेऊ नका. पाच माणसं बसतील, पाच जणांच्या बॅगा नाही बसणार. सात सीटची घेतली तरी मागची ओळ उघडल्यावर डिकी राहत नाही, तेव्हा ती ओळ मिटूनच ठेवायची.

ए-६०२: डिझेल गाडी मिळाली तर एक विचारा. तिकडे डिझेल स्वस्त दिसतं, कारण रस्त्याचा कर त्यात नसतो, किलोमीटरवर वेगळा लागतो. बऱ्याच कंपन्या तो गाडी परत करताना लावतात.

डी-१०१: देव न करो, पण कोणाला लागलं तर? तिकडचं हॉस्पिटल परवडणार आहे का?

बी-५०२: अपघातात इजा झाली तर तिथल्या सरकारी एसीसी योजनेत पर्यटकाच्याही उपचारांचा खर्च बराचसा येतो, चूक कोणाची हे न बघता. पण बाबांना छातीत दुखलं, आईंना ताप आला, विमान चुकलं, तर त्यात काही नाही. प्रवास विमा घ्यायचाच, दोघांचे जुने आजार त्यात नीट लिहून.

सी-७०१: लाडू-चिवडा नेणार असशील तर उतरताना फॉर्मवर सगळं लिही. न लिहिता बॅगेत सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. लिहिलं की बहुतेक वेळा बघून सोडतात, फार तर काढून घेतात.

ए-३०४: आणि गाडी पहिल्याच दिवशी विमानतळावरून घ्यावी ना?

बी-५०२: नाही. हे मात्र ऐकच. इथून रात्रभर, मग सिंगापूरला बदलून त्याहूनही लांबचा प्रवास. त्या अवस्थेत शंभरच्या रस्त्यावर जायचं नाही. पहिली रात्र क्राइस्टचर्चला टॅक्सीने हॉटेल, दुसऱ्या दिवशी पोटभर खाऊन गाडी घ्या. एका दिवसाचं भाडंही वाचतं. गाडी ताब्यात घेताना उजेडात चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, काच, चाकं, छत, आतला इंधनाचा काटा. परत देतानाही तसाच.

ए-३०४ सौ.: काकू, मी मगापासून वाचतेय. गाडी खरंच माझ्या नावाने घ्यायची तर मला चालवावी लागेल ना? पुण्यात रोज चालवते, पण गिअरची.

बी-५०२: चालवच. एकट्यावर सगळा प्रवास टाकायचा नाही, दर दोन तासांनी बदला. तिकडे भाड्याच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात. फक्त पहिल्यांदा डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि ब्रेकवर पडतो. जायच्या आधी इथेच कोणाची तरी ऑटोमॅटिक घेऊन सवय कर.

डी-१०१: माझी ऑटोमॅटिक आहे. रविवारी सकाळी सहाला खाली ये सूनबाई, रस्ता रिकामा असतो. खडकवासल्यापर्यंत जाऊन येऊ.

ए-३०४ सौ.: येते काका. बाबांनाही घेऊन येऊ का? ते मागे बसतील.

डी-१०१: आण की.